रोज उठून तोच प्रश्न विचारायचा

अगं पोरी,

साहेबांच्या भाषणाचा तुझा ड्राफ्ट वाचला. चार पानं, दोन शेर, एक अभंगाची ओळ आणि शेवटी सरकारला खडा सवाल. बाकं वाजतील, प्रश्नच नाही. पण मंत्री उठून म्हणतील की सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी सहमत आहे, आणि खाली बसतील, झालं, विषय संपला. कारण तू त्यांना अडकवायला काही ठेवलंच नाहीस. साहेब पहिल्यांदाच विधान परिषदेत गेलेत, त्यांना गाजायचंय हे मला कळतं, पण गाजणं वेगळं आणि सरकारला हिशोब द्यायला लावणं वेगळं.

तू विचारलंस ना की सभागृहात चांगलं काम केलेला एखादा माणूस सांगा ज्याच्याकडून शिकता येईल, तर मी तुला आपल्याकडचा नाही, अमेरिकेच्या सिनेटमधला सांगतो. विल्यम प्रॉक्समायर, विस्कॉन्सिनचा. १९५७ मध्ये तिथला सिनेटर मॅकार्थी वारल्यावर त्याच्या जागेवर पोटनिवडणुकीत आला आणि १९८९ च्या सुरुवातीपर्यंत राहिला. माणूस तसा विक्षिप्तच. १९७६ च्या अख्ख्या निवडणुकीत दोनशे डॉलरसुद्धा खर्च केले नाहीत, आणि तेही मुख्यतः लोकांनी पाठवलेल्या देणग्या परत करायच्या पोस्टेजवर! (हे साहेबांना सांगू नकोस, झोप उडेल त्यांची.)

आता मुद्द्याचं. १९४८ साली युनोने वंशसंहाराविरुद्धचा करार केला, राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने तो १९४९ मध्ये सिनेटकडे मंजुरीला पाठवला आणि तो तिथेच पडून राहिला. अमेरिकेच्या सार्वभौमत्वाला धक्का बसेल, आपल्या नागरिकांना परक्या कोर्टात उभं करतील अशी भीती घालणारे लोक होते, वकिलांच्या बार असोसिएशनचाही १९७६ पर्यंत विरोधच होता. प्रॉक्समायरने जानेवारी १९६७ मध्ये सांगितलं की सिनेट भरेल त्या प्रत्येक दिवशी मी यावर बोलणार, आणि खरंच बोलला की गं, १९८६ पर्यंत, ३,२११ भाषणं. छोटी छोटी, कधी एकाच आक्षेपाला उत्तर, कधी कंबोडियात काय चाललंय ते. ऐकायला कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, रेकॉर्डवर जातंय ना, बास. फेब्रुवारी १९८६ मध्ये सिनेटने ८३ विरुद्ध ११ मतांनी मंजुरी दिली, तीही सार्वभौमत्वाच्या अटी जोडूनच, म्हणजे पूर्ण विजय वगैरे काही नव्हता. नुसत्या भाषणांमुळेच झालं असं पण मी म्हणणार नाही, राष्ट्राध्यक्ष रेगनने पाठिंबा दिला होता, हवा बदलली होती. पण हवा बदलेपर्यंत तो विषय मरू दिला नाही ना कोणीतरी, ते त्याचं काम.

पण तुझ्या कामाचा किस्सा दुसराच आहे. नोव्हेंबर १९६८. लॉकहीड कंपनी हवाई दलासाठी सी-५ए नावाचं भलंमोठं मालवाहू विमान बनवत होती आणि खर्च हाताबाहेर गेलेला. प्रॉक्समायरच्या उपसमितीपुढे हवाई दलातलाच खर्चाचा अधिकारी साक्षीला आला, अर्नेस्ट फिट्झजेराल्ड. आता बघ हं, प्रॉक्समायरने त्याला 'खर्च किती वाढला' असं नाही विचारलं. तसं विचारलं असतं तर 'माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे' टाइपचं उत्तर आलं असतं. त्याने आकडाच प्रश्नात घातला, की वाढ सुमारे दोन अब्ज डॉलरची आहे का? आणि फिट्झजेराल्ड म्हणाला की तुमचा आकडा साधारण बरोबर असू शकतो. एवढंच. पण तेवढ्याने पेंटागॉन, म्हणजे त्यांचं संरक्षण खातं, हादरलं.

आपल्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा पण हेच तर सांगतो. 'अमुक झाले, हे खरे आहे काय. असल्यास, कोणती कारवाई केली?' आपण ते वाक्य सवयीने खरडतो, पण त्या 'हे खरे आहे काय'च्या आधी तू काय घालतेस त्यावर सगळं आहे. गाव, तारीख, रक्कम, कुठल्या जीआरचा नंबर घातलास तर विभागाला 'हे खरे नाही' लिहिताना घाम फुटतो. नुसतं 'मोठा भ्रष्टाचार झाला, हे खरे आहे काय' लिहिलंस तर 'हे खरे नाही' आणि खाली 'प्रश्न उद्भवत नाही', चहा प्यायला मोकळे सगळे. आणि 'हे अंशतः खरे आहे' असं उत्तर आलं ना की पार्टी कर, कारण पुढचा प्रश्न तिथूनच निघतो.

त्या फिट्झजेराल्डचं पुढे काय झालं तेही ऐक, कारण हे कोणी सांगत नाही. साक्षीनंतर बारा दिवसांत त्याचं नोकरीचं संरक्षण काढून घेतलं, वर्षभराने पदच रद्द केलं. कोर्टकचेऱ्या करत जुनं काम नीट परत मिळायला १९८२ उजाडलं. सिनेटर बोलून मोकळा होतो, त्याला कवच असतं. माहिती देणाऱ्याला नसतं. तेव्हा मंत्रालयातून कोणी तुला कागद दिला तर त्यातला आकडा दुसऱ्या उघड ठिकाणी सापडतो का ते आधी शोध, कॅग रिपोर्ट, बजेटची पुस्तकं, लोकलेखा समितीचे अहवाल, आणि प्रश्नात संदर्भ तो दे.

कवचावरून आठवलं. प्रॉक्समायर १९७५ पासून 'गोल्डन फ्लीस' नावाचा पुरस्कार जाहीर करायचा, सरकारी पैशाची उधळपट्टी करणाऱ्यांना. पेपरवाले खूश, लोक खूश. पण त्यात त्याने माकडांच्या आक्रमकतेवर संशोधन करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची टर उडवली, त्याने बदनामीचा दावा ठोकला आणि १९७९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की सभागृहात बोललात त्याला संरक्षण आहे, न्यूजलेटर आणि प्रेसनोटला नाही. शेवटी दहा हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. मला विचारशील तर ते पुरस्कार प्रकरण त्याचं सगळ्यात फिकं काम, नावावरून संशोधनाची थट्टा करणं सोपं असतं. वर दुधाच्या सबसिडीवर मात्र हा गप्प, कारण विस्कॉन्सिन दुधाचं राज्य. आपल्याकडे आमदारांना कलम १९४ चं संरक्षण आहे ते सभागृहातल्या बोलण्याला आणि मतदानाला. तुमच्या रीलवर तू जे चटपटीत कॅप्शन टाकतेस ना, ते त्यात बसतं असं धरून चालू नकोस, आधी वकिलाला दाखव.

अजून एक, स्वपक्षाचं सरकार आहे म्हणून प्रश्नच विचारायचे नाहीत हे साहेबांच्या डोक्यात कोणी घातलं? प्रॉक्समायरने १९५९ मध्ये स्वतःच्याच पक्षाचा नेता लिंडन जॉन्सनवर भर सिनेटमध्ये टीका केली होती. आणि आपल्याकडे फिरोज गांधींनी १९५७ मध्ये मुंदडा प्रकरण, म्हणजे एलआयसीचा पैसा मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत घातल्याचं, काढलं ते काँग्रेसच्याच बाकावरून, मग न्यायमूर्ती छागलांच्या आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. फिरोज गांधींचे सासरेच, नेहरू, पंतप्रधान होते. साहेबांची अडचण त्याहून मोठी आहे का?

तर आता ड्राफ्ट. पाणीपुरवठ्याचा विषय चांगला आहे, तोच धर आणि अधिवेशनभर सोडू नकोस, बाकीचे सहा मुद्दे काढून टाक. शेर साहेबांना आवडत असतील तर एक ठेव पण शेवटी, पहिल्या मिनिटात नको, तेवढंच मिनिट मंत्री खरंच ऐकत असतात. गुरुवारच्या आत पाठव, आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारी कुठल्या रिपोर्टचं कितवं पान ते पेन्सिलने लिही, मी आधी तेच बघणार आहे.

तुझा,
काका