पोते उचलताना चकती सरकली. व्यापारी म्हणतो, दुखणे जुनेच

प्रश्न : मी 45 वर्षांचा नोंदणीकृत माथाडी कामगार. जून 2025 मध्ये ट्रकमधून 50 किलोचे पोते पाठीवर घेताना कमरेत कळ आली आणि तिथेच बसलो. एमआरआयमध्ये चकती सरकल्याचे निघाले. डॉक्टरांनी ओझे उचलायला कायमची मनाई केली आहे. व्यापारी म्हणतो, दुखणे जुनेच आहे. 25 हजार घे आणि सही कर. काय करू?

उत्तर : सही करू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 नुसार मुळातच रद्दबातल असतो, पण तोच कागद उलटतपासणीत तुमच्यापुढे धरला जातो. नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली तरी तुमचा अपघात आधीचा आहे. हक्क जुन्या कायद्यानेच ठरेल.

खरी अडचण वेगळीच आहे. कंबरदुखी या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यवसायजन्य रोगांच्या यादीत नाही. त्यामुळे ‘ओझी वाहून वाहून कंबर गेली’ एवढ्यावर दावा टिकत नाही (हमालीच्या कायद्यातली ही मोठीच पोकळी). दावा त्या एका दिवसावर उभा करा : तारीख, वेळ, गाळा, मालाचे वजन, टोळीतले साक्षीदार, मुकादमाची हजेरी. कमर आधीपासून झिजलेली असली तरी हरकत नाही, त्या उचलण्याने ती निकामी झाली एवढे दिसले पाहिजे. पहिल्या दिवसाचा केसपेपर आजच काढून बघा. त्यावर नुसते ‘कंबरदुखी, सहा महिन्यांपासून’ असेल तर समोरचा वकील तेवढेच वाचून दाखवील. ‘पोते उचलताना अचानक कळ’ ही नोंद असेल, तर डॉक्टरांकडून तसे प्रमाणपत्र घ्या.

माथाडी मंडळ मजुरी देत असेल तर या दाव्यापुरते मालक मंडळच. मंडळ आणि व्यापारी दोघांनाही प्रतिवादी करा. आधी दोघांना रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या. त्यांनी फुकट वैद्यकीय तपासणीला बोलावले तर जा, नकार दिल्यास हक्क स्थगित होतो. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे जून 2027. मजुरीतून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर मात्र हा रस्ता बंद. तिकडे अर्ज करावा लागेल.

रक्कम अशी निघते : मासिक वेतन (मर्यादा 15,000 रुपये) त्याचे 60 टक्के, 9,000. याला कायद्यात वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणायचे, वय 45 चा गुणक 169.44. पूर्ण अपंगत्वाला 15,24,960 रुपये. कमाईची क्षमता 40 टक्के गेली तर 6,09,984. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, आणि महिन्याभरात रक्कम न दिल्यास 12 टक्के व्याज.

डॉक्टर शारीरिक अपंगत्व 20 टक्के लिहितील. तेवढ्यावर थांबू नका. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हात गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता 100 टक्के गेल्याचे मान्य केले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. तुमच्या प्रमाणपत्रात ‘हमालीचे काम करण्यास कायमचा असमर्थ’ हे शब्द हवेत, आणि ते लिहिणारे डॉक्टर साक्षीला यायला तयार हवेत.