पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत

‘मॅडम, कादंबरी डोक्यात पूर्ण तयार आहे, फक्त बसून लिहायला वेळ मिळत नाही.’

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा माणूस ‘कादंबरी’ म्हणाला की पुढचं मला ठाऊक असतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले बँकेतले अधिकारी, पणजीत सरकारी कचेरीत काम करणारा तरुण, मुलं परदेशी गेल्यावर घरात एकटी उरलेली गृहिणी. माझ्याकडे समुपदेशनाला कादंबरीसाठी म्हणून कुणीच येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, कशात मन रमत नाही, अशी कारणं घेऊन येतात. मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत, निघताना चप्पल घालता घालता सांगतात. त्यांच्या आवाजातली लाज ऐकली की मला वाईट वाटतं, कारण लाजण्यासारखं त्यात काहीही नसतं.

त्या सगळ्यांसाठी सुनीताची गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि बाकीचे तपशील बदललेत. गाव मात्र बदलता येईना, आणि तीही म्हणाली, ‘गाव राहू दे.’

सुनीता सत्तेचाळीस वर्षांची, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. आमच्याकडे शिक्षिकेला लहानथोर सगळे टीचर म्हणतात, मीही पहिल्या दिवसापासून टीचरच म्हटलं. तिचं माहेर सांगे तालुक्यातलं कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते १९८०च्या दशकात गेलं, तेव्हा सुनीता जेमतेम सहा-सात वर्षांची होती. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गावाचा काही भाग उघडा पडतो. जोती, विहिरी, पायवाटा दिसू लागतात आणि विखुरलेले गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. सुनीता आईला घेऊन दर वर्षी जाते. आजी, आई आणि ते गाव, हीच तिची कादंबरी. सहा वर्षांपासून डोक्यात होती. लिहायची फक्त मे महिन्यात, सुट्टीत, कुर्डीहून आल्यावर. जूनमध्ये शाळा भरली की वही कपाटात, मग ‘चवथ झाली की बघू’, मग ‘दिवाळीनंतर’. ‘फाल्यां पळोवया’, उद्या बघू, म्हणण्याची आपल्याकडची सवय वाईट नाही, तिच्यामुळे माणसं शांत राहतात. पण कादंबरी तिच्यावर जगत नाही.

पहिला उपाय मी घाईने दिला. रोज रात्री नऊ ते दहा, दोन पानं. तिने नऊ दिवस पाळला. दहाव्या दिवशी चाचणीचे पेपर तपासायला आले आणि सगळं मोडलं. पुढच्या भेटीत ती खाली मान घालून म्हणाली, ‘माझ्यात शिस्तच नाही.’

बावीस वर्षं पावणेआठच्या प्रार्थनेला वर्गापुढे वेळेवर उभी राहिलेली बाई हे सांगत होती. शिस्त नाही हे निदान लिहू पाहणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा चुकीचंच असतं, असं माझं मत आहे. ज्याची शिस्त संसाराला आणि नोकरीला पुरते, त्याची कादंबरीपुरतीच कशी संपेल? अडलेलं दुसरंच काहीतरी असतं. मी तिला वही आणायला सांगितली.

दोनशे पानी वही होती, जाड पुठ्ठ्याची. त्यात पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहिलेलं. प्रत्येक वेळी सुरुवात तीच: पाणी उतरलंय, आजीच्या अंगणातलं तुळशीवृंदावन दिसतंय. शब्द दर वेळी अधिक सुंदर होत गेलेले, गोष्ट मात्र अंगणाच्या पलीकडे सरकलेली नाही. निळ्या शाईच्या मजकुरावर लाल पेनाच्या खुणा होत्या. ऱ्हस्व-दीर्घ, शब्दांखाली रेघा, आणि समासात तिरक्या, वळणदार अक्षरात ‘पुन्हा लिहा’.

‘हे कुणी लिहिलंय?’

‘मीच.’

‘मुलांच्या वहीत असं कधी लिहिता, टीचर?’

‘निबंध तपासताना.’

‘निबंध पुरा झाल्यावर?’

‘अर्थात. अर्धवट निबंध कोण तपासतं?’

एवढं बोलून ती स्वतःच्याच अक्षराकडे बघत राहिली. मग वही उलटी ठेवली.

माझी शिकवण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. त्यामुळे माणूस बोलत असताना माझे कान एका अक्षराच्या शोधात असतात, ते म्हणजे ‘च’. ‘मला चांगलं लिहायचंय’ ही इच्छा झाली, ती माणसाला टेबलापाशी आणते. ‘लिहिलं तर चांगलंच लिहिलं पाहिजे’ म्हटलं की तो हट्ट झाला. त्या हट्टापुढे पहिला खर्डा कधीच टिकत नाही, कारण पहिला खर्डा चांगला नसतोच. सुनीताला मी फक्त एवढं सांगितलं की लाल पेन आता शाळेच्या कपाटातच राहील, घरी यायचं नाही. लिहिलेलं पान फाडायचं नाही, मागचं वाचून सुधारायचंही नाही. दुरुस्तीला माझी हरकत नाही. तिची पाळी शेवटचं पान झाल्यावर.

आणखी एक अडथळा होता आणि तो खास आपल्या मातीतला आहे. आजी बोलायला लागली की सुनीताची लेखणी थांबायची. घरात कोकणी, लिहिणं-वाचणं मराठीत, हे इथल्या कित्येक घरांसारखंच तिच्याही घरचं. ‘आजी मराठीत बोलली की खोटी वाटते. कोकणीत बोलली तर पुण्याच्या वाचकाला कळेल का?’ मी म्हटलं, पुण्याचा वाचक अजून तुमच्या स्वयंपाकघरात आलेला नाही, आजी आलेली आहे, तिला बोलू द्या. तिने तिथेच, माझ्यासमोर एक ओळ लिहिली: ‘उदक येतलें म्हूण तुळशीक सोडून वचूं?’ (पाणी येणार म्हणून तुळशीला सोडून जाऊ?) ही ओळ अकरा खर्ड्यांपैकी एकातही नव्हती.

तरी मुख्य गाठ सुटली नव्हती. ती सुटली पाचव्या भेटीत. त्या भेटीकडे मी अजून पुन्हा पुन्हा वळून पाहते, आणि इतक्या वर्षांच्या कामात ज्यांचं मनापासून समाधान वाटावं अशा थोड्या तासांपैकी तो एक होता.

ती कुर्डीबद्दल सांगत होती. आई आता बहात्तर वर्षांची. चिखल वाळून भेगा पडलेल्या जमिनीवरून काठी टेकत चालते, घराच्या जोत्यावर चढते आणि दाखवायला लागते: इथे चूल होती, इथे मुसळ उभं असायचं, या कोपऱ्यात तू जन्मलीस.

‘भिंती आहेत तिथे?’ मी विचारलं.

‘नाही हो. जोतं आहे फक्त.’

‘मग त्यांना कसं आठवतं?’

‘आठवायचं काय त्यात? ती तर रोज तिथेच असते. भाजी चिरताना, वाती वळताना, सारखी कुर्डीचीच काहीतरी गोष्ट. काल म्हणे, आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं, या नळाला चव नाही.’

‘रोज? मे महिन्यात नव्हे?’

‘रोज. वर्षभर.’

मी जरा वेळ काहीच बोलले नाही. मग विचारलं, ‘टीचर, गाव अकरा महिने पाण्याखाली असतं, तरी आई रोज तिथे जाऊन येते, भाजी चिरता चिरता. तुम्ही मात्र पाणी उतरायची वाट बघता. का?’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘मला वाटायचं, एवढं मोठं दुःख. त्याला वेळही मोठा द्यायला हवा. भाजी चिरता चिरता कसं लिहायचं?’

तेव्हा मला उमगलं की माझा पहिला उपाय का मोडला. मी तिला तास दिला होता. तिला तासाची गरज नव्हती, मोठ्या वेळेची अट सोडण्याची गरज होती. वेळ नाही म्हणणारे आळशी नसतात. आपल्या विषयाचा मान राखायचा म्हणून ते मोकळ्या, निवांत, शुद्ध वेळेची वाट बघत बसतात. त्या सगळ्यांना मी आता सांगते की तुमच्या आईने किंवा आजीने तुम्हाला गोष्टी कधी सांगितल्या ते आठवून बघा. दुपार मोकळी ठेवून नक्कीच नाही.

पुढचं काम सोपं होतं. मी विचारलं, ‘तुमच्या घरी रोज न चुकता, कुणी न सांगता काय घडतं?’

ती हसली. ‘पोदेर येतो.’

साडेपाचला ती उठते, चहा ठेवते. सहाच्या आसपास वाड्यावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, पोंय पोंय. मग ती पाव घ्यायला बाहेर येते आणि तिथून दिवस तिच्या हातात राहत नाही. चहा ओतल्यापासून भोंग्यापर्यंतची पंधरा-वीस मिनिटं ती मोबाईलवर घालवत होती. आम्ही ठरवलं, चहाचा कप आणि वही एकदमच टेबलावर येतील. भोंगा वाजला की उठायचं, वाक्य अर्धं असलं तरी.

‘सुचत असताना उठायचं?’

‘तेव्हाच उठायचं. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य तुमची वाट बघत असेल. कोऱ्या पानापुढे बसावं लागणार नाही.’

नवी सवय जुन्या सवयीला बांधायची, हा माझ्या अनुभवात सगळ्यांत टिकणारा मार्ग. ‘सकाळी लिहीन’ हा नुसता संकल्प झाला. ‘चहा ओतला की वही उघडीन’ म्हटलं की त्याला जागा मिळते, खूण मिळते. पानं मोजायला मी मनाई केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, बसलं त्या दिवशी एक टिंब. दोन ओळी झाल्या तरी टिंब, पान झालं तरी एकच. घरच्यांना सांगायचं ते एवढंच की या वेळेत मला हाक मारू नका. कथानक पहिले तीन महिने कुणालाही सांगायचं नाही. तोंडाने सांगून झालेली गोष्ट लिहायची ओढ कमी होते, असं मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय.

‘सुचेल तेव्हाच लिहिणं खरं’ मानणाऱ्यांसाठी रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग मी नेहमी सांगते. त्यांनी २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. एकाला फारच अडल्याशिवाय लिहू नका म्हणून सांगितलं, दुसऱ्याला वाटेल तेव्हा लिहा, तिसऱ्याला ठरल्या वेळी बसणं बंधनकारक केलं. तिसऱ्या गटाची पानं सर्वांत जास्त झाली, यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला सर्वांत जास्त सुचल्या, साधारण रोज एक. वाटेल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक सुचत होती. म्हणजे सुचणं बसण्याच्या मागून येतं. आणि हिशेबही करून बघा. भोंग्यापर्यंत अर्धं पान, महिन्यातले पाच-सहा दिवस बुडाले असं धरलं, तरी वर्षाला दीडशेच्या आसपास पानं होतात.

बुडणारे दिवस आलेच. अडीच महिने टिंबं नीट पडली आणि चवथ आली. पाच दिवसांचा गणपती, त्याच्यावर बांधायची रानफळांची माटोळी, करंज्या-नेवऱ्या, पाहुणे. आठवडाभर वही उघडली नाही. पुन्हा तोच चेहरा घेऊन सुनीता आली. ‘सगळं मोडलं, मॅडम. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, माझी अडीच महिन्यांनीही लागली नाही.’

या एकवीस दिवसांनी लोकांचं फार नुकसान केलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा पाठपुरावा केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक ते १८पासून २५४पर्यंत बदलले. त्यातलंच आणखी एक निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात लक्षणीय फरक पडला नाही. आठवडा म्हणजे एक दिवस नव्हे, हे खरं. पण सवय मोडते ती चुकलेल्या दिवसाने क्वचितच. ‘आता मोडलंच आहे’ असं म्हणून बसलो की मोडते. बघा, इथेही तो ‘च’ आहेच.

मी तिला विचारलं, ‘माटोळी बांधताना आई काही बोलली?’

‘बोलली ना. कुर्डीला माटोळीला कुठल्या रानातून काय काय आणायचे ते सगळं.’

‘मग उद्या चहाबरोबर तेवढंच.’

दुसऱ्या दिवशीपासून टिंबं पुन्हा सुरू झाली. दिवाळीनंतर तिची झोप सुधारली. ज्या तक्रारीसाठी ती मुळात आली होती, तिचा उल्लेख दोघींच्याही बोलण्यातून केव्हा गेला ते कळलं नाही. भेटी महिन्यातून एकदा, मग फोनवर. पोदेर सुट्टी घेतो तेव्हा कसं उठायचं, हा प्रश्न तिने एकदा गंभीरपणे विचारला होता. चहा थंड झाला की, असं आमचं ठरलं.

मेअखेरीला तिचा फोन आला. दुसरी वही संपत आली होती. आजी आता सामान बांधत होती आणि तुळशीपाशी अडली होती.

‘यंदा कुर्डीला जाऊन आलो,’ ती म्हणाली. ‘पण वही नेली नाही.’

‘का हो?’

‘आईबरोबर जोत्यावर बसले नुसती. त्या दिवसाचं लिहून झालं होतं सकाळीच.’