ओळखीतला बिल्डर, मामांचा शब्द अन् एक लाखाचं टोकन

"मॅडम, भाडं भरायलोय म्हणजे पैसे पाण्यातच की वो?"

सांगली-मिरजेत हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. मी आधी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर होते, मग समुपदेशनाचा कोर्स केला, त्यामुळे माझ्याकडे येणारी नवरा-बायकोची भांडणं बऱ्याचदा फ्लॅटच्या ब्रोशरसकट येतात. त्यातलीच एक केस सांगते. दोघांना विचारून लिहितेय, नावं घालत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो कुपवाड एमआयडीसीत, हातात चौतीस हजार. ती खासगी शाळेत शिक्षिका, एकोणीस हजार. मुलगी दुसरीत. भाड्याचं घर साडेआठ हजाराचं. आले तेव्हा महिनाभर दोघांत धड बोलणं नव्हतं, डबा, मुलीची रिक्षा आणि गॅस संपला एवढंच. कारण काय तर त्याच्या मामांनी एक टू बीएचके दाखवलेला, मामांच्या मित्रानंच बांधलेला, सात फ्लॅटची छोटी अपार्टमेंट, हा चौथ्या मजल्यावरचा शेवटचा राहिलेला, छत्तीस लाख. तिला तो नको होता आणि का नको ते ती सांगत नव्हती, नुसतं "मला ती जागा आवडत नाही" एवढंच. त्याला त्याचा अर्थ लागला की माझ्या माणसांनी आणलेली कुठलीच गोष्ट हिला चालत नाही.

आधी त्याच्या त्या भाड्याच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो सगळ्यांचाच असतो. मी कागद घेतला आणि त्यालाच आकडे घालायला लावले. पंचवीस लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, तर हप्ता जवळपास एकवीस हजार सातशे. पहिल्या वर्षी भरायचे दोन लाख साठ हजार, त्यातलं व्याज दोन लाख दहा हजाराच्या वर, मुद्दल फिटतं पन्नास हजाराच्या आत. भाडं वर्षाचं एक लाख दोन हजार. मी म्हटलं, भाडं पाण्यात म्हणताय तर मग हे व्याज कुठं चाललंय? घर घेऊ नका असं माझं म्हणणं नाही, पण "भाडं वाया जातंय" ह्या एका वाक्यावर घर घेऊ नका. पुण्यात भाडी एवढी आहेत की तिथं हे गणित वेगळं बसू शकतं, पण पुण्याच्या चुलत भावाचं गणित इथं लावून चालत नाही. इथं विकायला काढलेला फ्लॅट वर्ष-वर्ष तसाच पडून राहिलेला मी बघितलाय.

मग पुढचं. छत्तीस लाखांतले अठ्ठावीस चेकने आणि आठ "वरनं", म्हणजे रोख, करारात न दाखवता. हे सांगताना दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं, सगळेच देतात म्हणे. आता बँक बघणार करारातला आकडा, म्हणजे अठ्ठावीस, त्याच्या नव्वद टक्के म्हणजे फार तर पंचवीस लाख वीस हजार. उरलेले दोन लाख ऐंशी हजार, वरचे आठ लाख, स्टॅम्प ड्युटी सहा टक्क्यांनी एक लाख अडुसष्ट, नोंदणीचे अठ्ठावीस हजार. झाले पावणेतेरा लाख, मीटर, पार्किंग, पडदे ह्यात नाहीतच. (घर नुसतं बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प एक टक्का कमी पडतो, हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला.) शिल्लक होती साडेसहा लाख. बाकीचे कुठनं? तर तिचं सोनं आणि मेहुण्याकडनं हातउसने. सोन्याबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं, ते तिला माझ्यासमोर कळलं. पाच मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही.

रोखीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्या वर रोख घेणं कायद्यानं चालत नाही, आणि ते सोडा, व्यवहार मोडला तर ते आठ लाख दिले होते हे सिद्ध कशानं करणार? उद्या फ्लॅट विकायला काढला तरी कागदावर तुमची खरेदी अठ्ठावीसचीच, म्हणजे नफा जास्त दिसणार आणि त्यावर टॅक्स तुम्ही भरायचा.

त्यात एक लाख टोकन आधीच दिलेलं, रोख, मामांच्या हातानं, साधी विसारपावतीसुद्धा नाही.

"पावती मागितली नाही?"

"मामांचा शब्द हाय वो. त्यांच्याकडं पावती कशी मागायची?"

छोट्या गावात घर घेताना खरी अडचण ही असते. मुंबईत बिल्डर अनोळखी असतो म्हणून माणूस वकील लावतो, इथं बिल्डर मामांचा वर्गमित्र असतो, वकील त्याच बिल्डरनं सुचवलेला असतो आणि कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. आणि नेमकं इथंच कागद जास्त बघावे लागतात. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असले तर त्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. नंबर नाही म्हणजे फसवणूक असं अजिबात नाही, पण वेबसाइटवर जाऊन मंजूर नकाशा, खटले, मुदत बघायची सोय तुम्हाला मिळत नाही. त्यात आपल्याकडं गुंठेवारीचे प्लॉट भरपूर, म्हणजे गुंठा-गुंठा पाडून विकलेली जमीन. ती नियमित करून घ्यायला २००१ पासून कायदा आहे, पण ज्या प्लॉटवर तुमची इमारत उभी आहे तो खरंच नियमित झालाय का, की नुसता अर्ज टाकलाय, हे विचारावंच लागतं. "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर मी बँकेत इतक्यांदा ऐकलंय की आता कानच बंद होतात.

त्याला मी कागदांची यादी दिली असती तर ती खिशातच राहिली असती, कारण त्याला काय मागायचं ते माहीत होतं, मागायचं कसं ते माहीत नव्हतं. म्हणून आम्ही चक्क नाटक केलं. मी मामा झाले. पहिल्या वेळी तो "मामा, ते कागद जरा..." म्हणून थांबला. दुसऱ्या वेळी एवढा तावातावानं बोलला की तीच म्हणाली, अहो हळू. तिसऱ्या वेळी जमलं. "मामा, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर आलो, पण बँक मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड आणि भोगवटा प्रमाणपत्र मागतीय, त्याशिवाय फाइलच घेत नाहीत." बँकेच्या नावावर खपवायचं. आणि ते खोटंही नाही, बँक मागतेच. वकील मात्र आपला आपण गाठायचा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागा कुणाकडनं कुणाकडं गेली त्याचा तपास, त्याच्याकडनं घ्यायचा, त्याची फी वाचवायची नाही.

तिचं बोलणं यायला अजून दोन बैठका गेल्या. तिचं माहेर सांगलीतलंच, जुन्या भागातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी पंचेचाळीस. आई-वडिलांना बोटीतून काढलं, आठ दिवस एका शाळेत काढले, परत गेल्यावर घरातल्या चिखलात तिचे लग्नाचे अल्बम मिळाले. आणि हा फ्लॅट त्याच पट्ट्यात, गल्लीच्या तोंडापर्यंत तेव्हा पाणी आलेलं.

"अगं पण चौथ्या मजल्यावर पाणी कसं येतंय?"

"वर येत नाही. पण खाली कसं उतरायचं? लाइट नाही, प्यायला पाणी नाही, मुलगी आजारी पडली तर?"

त्याला हे माहीत होतं, सासरी चिखल काढायला तोच गेला होता. पण ती आजही भीती बाळगून आहे हे त्याला माहीत नव्हतं. आणि तिलाही हे नवीन होतं की त्याचे वडील वारल्यावर मालकानं तीन महिन्यांत जागा सोडायला लावली होती, सामान टेम्पोत भरताना तो चौदा वर्षांचा होता. "स्वतःचं छप्पर" म्हणताना त्याचा आवाज का चढतो ते तिला त्या दिवशी कळलं.

नदीकाठच्या गावात घर बघताना पूररेषेचा नकाशा बघाच, निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही. पण २००५, २०१९, २०२१ असं ज्यांनी बघितलंय त्यांना "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून हसू येतं, म्हणून नकाशाबरोबर कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही विचारा की पाणी कुठपर्यंत होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

कागद आले महिन्याभरानं, तेही अर्धे. मंजूर नकाशात तीनच मजले होते. म्हणजे जो फ्लॅट हे घ्यायला निघाले होते तो कागदावर नव्हताच. दोन बँकांनी नको म्हटलं, एक पतसंस्था जास्त व्याजानं द्यायला तयार होती आणि मामांचं म्हणणं, बघा, कर्ज मिळतंय की. पतसंस्था देते म्हणजे फ्लॅट कायदेशीर झाला असं नसतं, हे त्यांना मी नाही, त्यांच्या भाच्यानंच सांगितलं. नाटकाची तालीम कामाला आली.

मग मी त्यांना एक उद्योग लावला. हप्त्याच्या एकवीस हजार सातशेतून भाडं वजा करून उरतात ते तेरा हजार दोनशे दर महिन्याला बँकेच्या आरडीत, म्हणजे आवर्ती ठेवीत, टाका, हप्ता सुरू झालाय असं समजून, सहा महिने. तीन महिने जमलं, चौथा जून, शाळेची फी, पुस्तकं, रेनकोट, हप्ता चुकला. मला ते चुकलं म्हणून बरं वाटलं, कर्जाच्या खात्यावर चुकण्यापेक्षा आरडीत चुकलेलं परवडलं. आता ते वीस लाखांपर्यंतच्या कर्जात बसेल असं जुनं रिसेलचं घर बघतायत, विश्रामबागच्या बाजूला, अजून मनासारखं मिळालेलं नाही. सोनं विषयातनं बाहेर आहे.

टोकनचे पंचाहत्तर हजार तीन हप्त्यांत परत आले, मामांमार्फतच. मामा मधे दोन-तीन महिने बोलत नव्हते, मग गणपतीला आले. राहिलेल्या पंचवीस हजाराचं काय झालं म्हणून मी परवा विचारलं तर ती हसायला लागली.

"पुढच्या वर्षी मामांच्या पोरीचं लग्न आहे मॅडम. आमचा आहेर आधीच पोचलाय."

तो म्हणाला, "पण ह्याची पण पावती नाही."