आख्खी बाग बघायचा हट्ट सोडा, आधी बसायची जागा ठरवा

मोठ्या बागेत घरच्या सगळ्यांना घेऊन दिवसभर जायचा तुमचा प्लॅन वाचला. नऊ माणसं, त्यात सासूबाईंचे गुडघे, नणंदेचं सात महिन्यांचं बाळ, तीन आणि आठ वर्षांची पोरं, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात तलाव, गुलाबांची बाग, झोपाळे-घसरगुंड्या, काचेचं वनस्पतीघर आणि वर सायकली. कागदावर छान दिसतंय हो, पण दुपारी दोनपर्यंत निम्मी मंडळी एकमेकांशी बोलायची बंद झालेली असतील हे मी आत्ताच सांगते.

मोठी बाग म्हणजे किती मोठी याचा नकाशावरून अंदाज येत नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या, वरून काढलेल्या फोटोत नुसता एक हिरवा पट्टा दिसतो, पण तो चार किलोमीटर लांब आहे आणि आतल्या रस्त्याने एक पूर्ण फेरी मारली तर जवळजवळ दहा किलोमीटर भरतात. लंडनचं रिचमंड पार्क तर त्याच्याही अडीच पटींहून मोठं. धडधाकट माणूस दहा किलोमीटर अडीच तासांत चालून मोकळा होईल, पण तीन वर्षांचं पोर मुंग्यांची रांग दिसली की तिथेच बसकण मारतं आणि मग सगळे नऊजण उन्हात उभे. म्हणून काय काय बघायचं ही यादी जरा बाजूला ठेवा आणि बसायचं कुठे ते आधी ठरवा. एका जागी तळ ठोकायचा. सामान, बाळ आणि ज्यांना चालवत नाही ती माणसं तिथे, बाकीच्यांनी दोघं-तिघं करून निघायचं, हवं ते बघायचं आणि परत तिथेच यायचं. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायचं हा आग्रह धरला ना की दिवस गेलाच म्हणून समजा.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा, टॉयलेट जवळ हवं (लहान मूल "आलीये" म्हणतं तेव्हा हातात दोन-तीन मिनिटंच असतात), पाठ टेकायला बाक हवा कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला सतरंजीवर बसता येईलही पण उठता येत नाही, आणि पाणी अगदी लागून नको. तलावाकाठी फोटो सुंदर येतात, पण एका मोठ्या माणसाला दिवसभर दुसरं काहीच करता येत नाही. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात मारत ओरडत नाही, बहुतेक वेळा आवाजसुद्धा येत नाही. काठावर जायचंच असेल तर "आत्ता लक्ष तुझं" असं एकाचं नाव घेऊन ठरवा आणि त्याने मोबाईल खिशात ठेवायचा. सगळेच आहेत म्हटलं की कोणीच बघत नसतं.

आता सावली. दहाला पोचल्यावर तुम्ही झाडाखाली जिथे दाट सावली आहे तिथे सतरंजी टाकणार, बरोबर? ती सावली झाडाच्या पश्चिमेला असते. दुपार कलली की ती सरकत पूर्वेला जाते आणि तुम्ही सगळा पसारा उचलून झाडाभोवती फिरत बसता, तेही नेमकं बाळ झोपलेलं असताना. त्यामुळे आल्या आल्या पूर्वेच्या बाजूला जागा धरा, सुरुवातीला थोडं ऊन लागलं तरी चालेल, किंवा सरळ तीन-चार झाडांचा घोळका शोधा. आणि बाळाच्या बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून पातळ कपडा टाकतात ना, तो टाकू नका, आत हवा खेळत नाही आणि गाडी चांगलीच तापते. घसरगुंडी आणि रबरी फरशीही उन्हात भयंकर तापतात, पोराला सोडायच्या आधी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन झालं नाही तर त्यालाही होणार नाही.

सासूबाईंना विचारलंत तर त्या "मला काही होत नाही, चालेन मी" असंच म्हणणार, म्हणून विचारू नका, आधीच फोन करून व्हीलचेअर किंवा बॅटरीची गाडी मिळते का आणि कुठल्या गेटवर ते विचारून ठेवा. मोठ्या बागांना बरीच गेटं असतात, "मेन गेटला भेटू" याला काही अर्थ नसतो, नंबर किंवा नाव ठरवा. गेटवरच्या नकाशाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये हवा. आणि आजूबाजूला खुणा शोधायची सवय लावा. सेंट्रल पार्कात दिव्याच्या प्रत्येक खांबावर नंबर असतो, सुरुवातीच्या आकड्यांवरून जवळचा रस्ता कळतो आणि शेवटचा आकडा सम असेल तर पूर्व बाजू, विषम असेल तर पश्चिम. सगळीकडे अशी सोय नसते, पण खांब, बाक, फाटे यांच्यावर काहीतरी लिहिलेलं असतंच, फोनवर "मी झाडाजवळ उभा आहे" सांगण्यापेक्षा ते वाचून दाखवलेलं बरं.

मुलांचा आत शिरतानाच एक फोटो काढा, म्हणजे आज कोणते कपडे घातलेत ते ऐनवेळी आठवावं लागत नाही. मनगटावर पेनाने फोन नंबर. आठ वर्षांच्याला सांगून ठेवा की चुकलास तर शोधत फिरायचं नाही, आहेस तिथेच थांबायचं, आणि युनिफॉर्मवाला कोणी नाही दिसला तर लहान मुलं बरोबर असलेल्या बाईला सांगायचं.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शिजवलेलं दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, बत्तीस डिग्रीच्या वर ऊन असेल तर एकच तास, त्यामुळे कोरडं आणि फळं जास्त न्या, बाटल्या आदल्या रात्री फ्रीझरमध्ये टाका म्हणजे डबाही गार राहतो. सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लावायचं असतं, ते सगळे विसरतात, अलार्म लावा. बदकांना पाव घालू देऊ नका, पोरं रडली तरी.

ढग गडगडले तर मोठं झाड दिसलं म्हणून त्याखाली पळायचं नाही, पक्की इमारत नाहीतर बंद गाडी गाठायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं.

सहापर्यंतचा बेत मला पटत नाही. चारला आवरायला घ्या. लहान पोरं दमली की आधी चेकाळतात आणि मग एकदम रडायला लागतात, ते गाडीपर्यंत पोचायच्या आधी नको. गुलाबबाग आणि वनस्पतीघर यातलं एकच ठेवा, ऊन कडक असेल तर गुलाबच, काचेच्या घरात आत उकडतं.

सायकलींचं विचारलंत, तर त्या सकाळी पहिल्यांदा उरका, पाय ताजे असतात आणि गर्दीही कमी असते. फक्त आठ वर्षांचा आणि दोन मोठे, बाकी कोणी नको. निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीटवर बसल्यावर पोराचे पाय जमिनीला टेकायला हवेत, आणि हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं एवढंच, मागे सरकलेलं हेल्मेट नुसतं शोभेचं. भाड्याची वेळ एका तासाचीच घ्या, तीन वर्षांची मागे रडत असते.