मुगाच्या ब्रीडिंगला पहिल्यांदाच हात घालायलास ना, मग हे वाच

भावा, पहिली गोष्ट म्हणजे बांधाकडंचं एखादं झाड शेंगांनी लदलेलं दिसलं म्हणून लगेच निवडीचा टॅग बांधू नकोस, कडेच्या झाडाला जागा, ऊन, खत सगळंच जास्त मिळतंय, तो गुण जीन्सचा नसतोय. म्हणून तर पीसीव्ही (झाडाझाडांत दिसणारा एकूण फरक) आणि जीसीव्ही (त्यातला नुसता जीन्समुळं आलेला फरक) दोन्ही काढायचे, पीसीव्ही लई मोठा आणि जीसीव्ही बारका आला तर समज की हवामान आणि जमीनच खेळ करायलीय. नुसती हेरिटॅबिलिटी (एकूण फरकात जीन्सचा वाटा किती ते) बघून पण खुश होऊ नको, जेनेटिक ॲडव्हान्स (निवडीनं पुढच्या पिढीत सुधारणा किती होईल ते) सोबत बघ, दोन्ही जास्त असतील तरच सिलेक्शनला अर्थ आहे.

उत्पन्नासाठी मी आधी झाडाला शेंगा किती ते मोजतो, मग घोस, मग शेंगेतले दाणे, शेवटी 100 दाण्यांचं वजन. दाणा टपोरा पाहिजे म्हणून मागं लागलास तर कधी कधी शेंगाच कमी होतात हं.

चेक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, धारवाडची डीजीजीव्ही-2 ही जात लाव, आपल्या निपाणी-चिकोडीकडं बदनापूरची बीएम 2003-2 पण जोडीला चालेल. रेप्लिकेशन, म्हणजे तीच लावण परत परत, तीन तरी घे.

क्रॉसिंगला मात्र जीव जातोय बघ, मूग स्वपरागी, कळी उमलायच्या आधीच आत काम झालेलं असतंय, म्हणून संध्याकाळी बंद कळीतले परागकोश काढायचे आणि सकाळी पराग लावायचा, त्यातल्या निम्म्या कळ्या तरी गळणारच, रडू नको. आणि पांढरी माशी आली की यलो मोझॅक (पानं पिवळी पाडणारा विषाणू रोग) येतोय, त्या वर्षी कुठल्या झाडावर रोग किती त्याचा स्कोअर नीट लिहून ठेव, औषध मारून पुसू नको.