आजार चार, चिठ्ठ्या तीन

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. त्यांना शुगर व बीपी दहा वर्षांपासून आणि थायरॉईड चार वर्षांपासून आहे. आता गुडघेही धरतात. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या आहेत. थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी त्या सकाळी चहासोबतच घेतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी त्यांनी रोज घेतली, ती अजून सुरू आहे. तरीही बीपी उतरत नाही, थकवा जात नाही आणि संध्याकाळी पाय सुजतात. आणखी एखादे औषध सुरू करावे का?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, नवे औषध सुरू करण्याआधी आहेत ती सगळी औषधे एकाच डॉक्टरांनी एकत्र पाहायला हवीत. मला सर्वाधिक काळजी वाटते ती मेडिकलमधून आणलेल्या गोळीची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पाय सुजतात, रक्तदाब वाढतो आणि त्याच्या औषधाचा जोर कमी पडतो. शिवाय शुगरमुळे आधीच ताण सोसणाऱ्या मूत्रपिंडांना त्या घातक ठरू शकतात, आणि सोबत लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल व दिवसभर उन्हात पाणी कमी पडले असेल, तर हा धोका फारच वाढतो. दुखण्याची ही गोळी आजच थांबवावी आणि मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. सासूबाईंना मात्र रागावू नका. गुडघे दुखत असताना दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईने आणखी काय करावे?

थकव्याचे एक कारण सकाळच्या चहातच असू शकेल. कॅल्शियमसोबत घेतलेली थायरॉईडची गोळी अंगी नीट लागत नाही. ती उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्यावी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने प्यावा आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे किमान चार तासांच्या अंतराने घ्यावे.

एकादशीला त्या शुगरची गोळी घेऊन उपाशी राहतात का, हेही विचारा. अशा वेळी घाम सुटून हातपाय थरथरले, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे.

सगळ्या गोळ्यांची पाकिटे, चूर्णाची पुडी असेल तर तीही, एका पिशवीत घालून तिन्ही चिठ्ठ्यांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावीत. बीपीच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात, तेव्हा सुजेचे कारण तिथे नक्की करून घ्यावे. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल चालेल का, हेही तेथेच विचारावे. दम लागू लागला किंवा लघवी कमी झाली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.