'केवळ पोलिसांसाठी' म्हणजे 'प्रतिबंधित' नव्हे

अमेरिकेतील काही काडतुसांच्या खोक्यांवर 'लॉ एन्फोर्समेंट यूज ओन्ली', म्हणजे 'केवळ पोलिसांच्या वापरासाठी', असे छापलेले असते. बातमीचा अनुवाद करताना त्यांना 'नागरिकांना प्रतिबंधित काडतुसे' म्हणावे का, असा प्रश्न आला आहे.

म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'प्रतिबंधित' म्हटले की मराठी वाचकाला कायदा आठवतो, आणि ते योग्यच आहे, कारण आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात प्रतिबंधित दारूगोळ्याची स्वतंत्र व्याख्याच दिलेली आहे. त्या खोक्यावरची ओळ मात्र बहुतेक वेळा कारखानदाराने आपल्या वितरकांना घातलेली अट असते. अशा छापाची काडतुसे सामान्य नागरिकाने विकत घेण्यावर अमेरिकेच्या संघीय कायद्यात बंदी नाही. छाप वेगळा ठेवण्यामागे व्यापारी कारणेही असतात : काडतुसांवरचा 11 टक्के संघीय अबकारी कर राज्य व स्थानिक सरकारांच्या खरेदीला माफ असतो, शिवाय तीच गोळी पोलिसांना 50 नगांच्या आणि नागरिकांना 20 नगांच्या आकर्षक खोक्यात विकली जाते.

विंचेस्टर कंपनीच्या 'ब्लॅक टॅलन' काडतुसांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1991 मध्ये बाजारात आलेल्या, शरीरात शिरल्यावर पाकळ्यांसारख्या उमलणाऱ्या या गोळीवर इतकी टीका झाली की 1993 मध्ये कंपनीने आपण होऊन तिची सार्वजनिक विक्री थांबवली आणि ती पोलिसांपुरती ठेवली. सरकारने बंदी घातलेली नव्हती. पुढे 'रेंजर एसएक्सटी' या नावाने तिची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा ही अक्षरे म्हणजे 'सेम एक्झॅक्ट थिंग' (अगदी तीच वस्तू), असा विनोद बंदूकशौकिनांत रूढ झाला.

गैरसमजाचे मूळ बहुधा दुसरीकडे आहे. 1994 ते 2004 या काळात दहापेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या नव्या मॅगझिनवर, म्हणजे बंदुकीला जोडायच्या काडतुसांच्या पेटीवर, 'केवळ पोलीस व सरकारी वापरासाठी' अशा अर्थाची खूण कायद्यानेच सक्तीची होती. कायद्याची मुदत संपली, पण धातूवर कोरलेली अक्षरे तशीच राहिली, आणि खोक्यावरचा छापही लोक त्याच पंक्तीला बसवू लागले. चिलखतभेदी काडतुसांची गोष्ट निराळी : 1986 च्या संघीय कायद्याने त्यांच्या उत्पादनावर व आयातीवर सरकारी वापराचा अपवाद ठेवून खरोखरच निर्बंध घातले. तेथेही केवळ बाळगण्यावर संघीय बंदी नाही, म्हणून 'उत्पादन व आयात प्रतिबंधित' इतके नेमके लिहावे. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्यांवर निर्बंध आहेत, पण ते गोळीच्या घडणीवर आहेत, खोक्यावरच्या मजकुरावर नव्हेत.

तेव्हा छाप उद्धृत करताना 'केवळ पोलिसांच्या वापरासाठी' असे अवतरणात द्यावे आणि वर्णन करताना 'कंपनीने पोलिसांसाठी राखून ठेवलेली काडतुसे' असे लिहावे. 'राखीव' एवढेच लिहिले तर कोणी राखली हे कळत नाही. 'कायदा अंमलबजावणी यंत्रणा' हा लांबलचक शब्दप्रयोग येथे टाळलेलाच बरा.